शिक्षेसाठी वेगळं भांडावं लागतं, बाई

‘सहा महिने’ एवढंच ऐकलंस आणि त्यापुढचं काही कानात शिरलंच नाही, असं तू फोनवर म्हणालीस. होतं तसं. मी शिरूरला कोर्टाबाहेर टायपिंगला बसते. निकाल ऐकून बाहेर आलेली बाई मला लांबून ओळखू येते. तिला आकडा पाठ असतो, कलम माहीत नसतं आणि पुढं काय करायचं ते तिला कुणी सांगितलेलं नसतं. मी वकील नाही, हे आधी लक्षात ठेव. मी अर्ज टाईप करते, बास. पण अपिलांची पानं माझ्या हाताखालून इतकी गेलीत की कुठल्या अर्जात काय राहून जातं, ते मी डोळे झाकून सांगेन.

तुझा नवरा, आमचे पाव्हणे, संध्याकाळी घरी आले म्हणून सासूबाईंनी नारळ फोडला म्हणालीस. फोडू दे. पण ते सुटलेले नाहीत, एवढं तू ओळखून अस. शिक्षा तीन वर्षांच्या आत असेल आणि माणूस खटला चालू असताना जामिनावर असेल, तर ज्या कोर्टानं शिक्षा दिली तेच कोर्ट त्याला अपील करण्यापुरता वेळ देऊन जामिनावर सोडतं. तेवढीच ही सवलत. खालच्या कोर्टाच्या शिक्षेवर सत्र न्यायालयात अपील करायला तीस दिवस मिळतात. निकालाची नक्कल मिळायला जेवढे दिवस लागले, तेवढे या तिसात धरत नाहीत. आणि कैदेची शिक्षा झालेल्याला निकालाची एक प्रत ताबडतोब आणि फुकट द्यायची, असा कायदाच आहे. तेव्हा नकलेला एवढे लागतील नि तेवढे लागतील, असं कुणी कोर्टाच्या पायऱ्यांवर सांगू लागला तर त्याला माझ्याकडं पाठव.

गुन्हा २०२१ चा, म्हणून तुमची कलमं जुन्या दंड संहितेचीच राहिली. बांधावरचं भांडण, काठी, चुलत दिराचं डोकं फुटलं, कलम ३२४. पण १ जुलै २०२४ पासून कामकाजाचा कायदा बदललाय. त्यामुळं अपिलावर आणि शिक्षा स्थगितीच्या अर्जावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमं टाकावी लागतात, ४१५ आणि ४३०. तुला ती पाठ करायची नाहीत. फक्त अपिलासोबत शिक्षा स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो, हे विसरू नकोस. तो लागला नाही आणि मुदत संपली, की पोलीस दारात येतात. अपील दाखल असलं तरी येतात.

आता ज्यासाठी तुला मुद्दाम बोलावलंय, ते ऐक.

अपिलाचा मसुदा येईल तेव्हा त्यात वीसेक मुद्दे असतील. साक्षीदार नातेवाईक आहेत, पंच फुटले, काठी जप्त झाली पण तिच्यावर रक्त नव्हतं, डॉक्टरांनी जखमेचं वय लिहिलं नाही. सगळे मुद्दे एकाच दिशेचे, की माणूस निर्दोष आहे. ते असायलाच हवेत. पण शेवटच्या विनंतीच्या परिच्छेदात बघ. तिथं ‘अपील मंजूर करून आरोपीस निर्दोष सोडावे’ एवढंच असेल, तर मसुदा अर्धा आहे. सत्र न्यायाधीशांना दोष पटला तर काय, याचं उत्तर त्यात नाही. मग वादाच्या दिवशी कोर्ट विचारतं, ‘शिक्षेबद्दल काही म्हणायचंय?’ वकीलसाहेब म्हणतात, घरात एकटा कमावता आहे, दया व्हावी. संपलं. ते न्यायाधीशांनी त्या दिवशी दहादा ऐकलेलं असतं.

तुमच्या निकालाची शेवटची दोन पानं काढ. तिथं ‘आरोपीस शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकले’ अशी ओळ सापडेल. पाव्हण्यांना विचार, त्या वेळी त्यांनी काय सांगितलं. ‘चूक झाली साहेब, माफ करा’ म्हणाले असतील, नाहीतर घाबरून काहीच बोलले नसतील. कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं की खटल्याचा हा वेगळा टप्पा आहे, इथं आपली बाजू मांडायची असते, कागद द्यायचे असतात. कामाचं पत्र, शेताचा उतारा, आईच्या औषधाचे कागद, पोरांच्या शाळेचा दाखला, काहीच त्या फाईलीत गेलं नाही. ते आता जायला हवं. आणि ते गोळा करणं तुझं काम आहे, वकिलाचं नाही. पाव्हण्यांचं आयुष्य वकिलाला ठाऊक नाही, तुला ठाऊक आहे.

हे कागद ज्यासाठी लागतात, तो परिविक्षेचा कायदा १९५८ चा आहे. कोर्टात सगळे ‘प्रोबेशन’ म्हणतात. त्यातलं कलम ३ किरकोळ गोष्टींसाठी. पहिलाच गुन्हा असेल आणि तो साधी चोरी, फसवणूक किंवा दोन वर्षांपर्यंतच शिक्षा असलेला असेल, तर कोर्ट ताकीद देऊन सोडू शकतं. तुमचं कलम ३२४ तीन वर्षांचं, म्हणून तुमचा मार्ग कलम ४. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नाही, त्यात गुन्ह्याचं स्वरूप, माणसाचं वागणं आणि परिस्थिती बघून कोर्ट लगेच शिक्षा न देता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. या काळात शांततेनं राहायचं आणि कोर्टानं बोलावलं तर शिक्षा घ्यायला हजर व्हायचं.

आणि हे फक्त खालच्या कोर्टालाच करता येतं असं नाही. कलम ११ नं अपिलाच्या कोर्टाला, हायकोर्टालासुद्धा तो अधिकार दिलाय. पंजाबातल्या रतनलाल नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाचं प्रकरण १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. खाली त्याला सहा महिने लागले होते, तुमच्यासारखेच. खाली कुणी मागितलं नव्हतं तरी वरच्या कोर्टाला प्रोबेशन देता येतं, असं सुप्रीम कोर्टानं तेव्हा सांगून टाकलं. साठ वर्षं झाली त्याला. तरीही ‘खाली मागितलं नाही, आता कसं मागणार’ असं म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

आरोपी एकवीसच्या आतला असेल तर कायदा आणखी पुढं जातो. कलम ६ म्हणतं, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर अशा पोराला तुरुंगात पाठवायचंच नाही, आणि पाठवायचंच असेल तर कारण लिहा. त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवा. पण यात एक खोच आहे. वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरत नाहीत, खालच्या कोर्टानं दोषी ठरवून शिक्षा द्यायची वेळ येते त्या दिवशीचं धरतात. अठराव्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत मारामारी केलेला पोरगा निकालाला चोवीसचा झालेला असतो. तारखा पडत गेल्या आणि कलम ६ हातातून गेलं. पाव्हणे तर छत्तिसाचे. त्यांना कलम ४, त्याला वयाची अट नाही.

आणखी एक आहे, ते वकीलसाहेबांना नम्रपणानं पण नक्की विचार. प्रोबेशन देता येण्यासारखं असूनही कोर्टानं दिलं नाही, तर का दिलं नाही याची विशेष कारणं निकालात लिहावी लागतात. जुन्या संहितेत ते कलम ३६१ होतं, नव्यात ४०२ आहे. शेवटची पानं वाच. कारणं लिहिली असतील तर त्यांना उत्तर द्या. नुसतं ‘गुन्ह्याचे स्वरूप पाहता आरोपी सवलतीस पात्र नाही’ एवढ्या एका ओळीत उरकलेलं असेल, तर तो स्वतंत्र मुद्दा होतो आणि तो मसुद्यात आला पाहिजे.

वकीलसाहेब कदाचित म्हणतील, शिक्षा कमी करा म्हटलं की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. मला हे पटत नाही. ‘निर्दोष सोडावे, आणि न्यायालयास तसे वाटत नसल्यास प्रोबेशनचा लाभ द्यावा’, अशी पर्यायी मागणी रोज होते. त्यातून कुणी काही कबूल करत नाही. दुसरी भीती तुझ्या सासऱ्यांची, अपील केलं तर शिक्षा वाढवतील. आपण केलेल्या आपल्या अपिलात सत्र न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. वाढवायची असेल तर सरकारला त्यासाठी वेगळं अपील करावं लागतं. सासऱ्यांना सांग, शांत झोपा.

आता कागद. यात तुझे आठ दिवस जाणार आहेत, तयारी ठेव.

कायदा बघतो तो राहता पत्ता किंवा नियमित कामधंदा. आरोपीचा, नाहीतर त्याच्या जामीनदाराचा. हे शेवटचे शब्द कितीजणांना तारतील! पाटसला नाहीतर न्हावऱ्याला कारखान्यावर ऊस तोडायला आलेल्या आष्टी-पाटोद्याच्या माणसाला इथं ना पत्ता, ना सातबारा. केडगावच्या गुऱ्हाळावर राबणाऱ्या परप्रांतीयाचंही तेच. पण जामीनदाराचा पत्ता चालतो म्हटल्यावर मुकादम नाहीतर गुऱ्हाळमालक उभा राहिला तर वाट निघते. तुमचं त्या मानानं सोपं. सातबारा आणि आठ-अ काढ, आजचा काढ, दोन वर्षांपूर्वीचा लॅमिनेट केलेला नको. कुरकुंभच्या कंपनीत पाव्हणे ठेकेदाराकडं आहेत ना? ठेकेदाराच्या लेटरहेडवर पत्र घे. किती वर्षं कामाला आहे, काय काम करतो, खाडे किती, आणि सहा महिने आत गेला तर जागा राहील का. हे शेवटचं वाक्य ठेकेदार लिहायला कां-कूं करेल. लिहून घेच. सोबत पीएफचा उतारा जोड, तो स्वतःच बोलतो.

ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला पाहिजेच. पण सरपंचाचं ‘वर्तणूक चांगली आहे’ असं छापील पत्र आणून त्यावर सगळा भरवसा टाकू नकोस. ते पत्र गावातल्या प्रत्येकाला मिळतं, हे न्यायाधीशांनाही कळतं. त्यापेक्षा ज्याला काही बघून सांगता येईल असा माणूस शोध. पोलीस पाटील, शाळेचे मुख्याध्यापक, दूध डेअरीचा सचिव. ‘हा माणूस सकाळी सहाला डेअरीला दूध घालतो, एवढ्या वर्षांत भांडणाची तक्रार नाही’, असं साधं लिहिलेलं मला जास्त वजनाचं वाटतं. खटल्याच्या चार वर्षांत दुसरा गुन्हा नाही आणि एकही तारीख चुकवलेली नाही, हे रोजनाम्यावरून दाखवता येतं. मोबाईलवर ई-कोर्टच्या ॲपमध्ये सीएनआर नंबर टाकला की तारखांची सगळी कुंडली निघते. सासूबाईंच्या डायलिसिसचे कागद जोडताना अख्खी पिशवी देऊ नकोस. महिन्यातून किती वेळा न्यावं लागतं आणि नेतं कोण, एवढं दाखवणारी दोन पानं पुरे.

कोर्टानं अहवाल मागवला तर जिल्हा परिविक्षा अधिकारी, किंवा त्यांच्याकडचं कुणी, चौकशीला घरी येईल. ते महिला व बाल विकास खात्याचे असतात, पोलीस नसतात. ते आले म्हणून घर सारवून, पोरांना नवे कपडे घालून बसवायची गरज नाही. ते शेजाऱ्यांनाही विचारतात. भावकीतल्या लोकांनाही विचारतील. तेव्हा भांडण झालंच नाही असं त्यांना सांगू नकोस. पाव्हणे रागीट आहेत का, पितात का, असं विचारलं तर खरं ते सांग. एक खोटं सापडलं की बाकीचे सगळे कागद रद्दी होतात.

आणि आता चुलत दीर. यावर तू गप्प होतेस, मला कळतं. पण अपिलाच्या कोर्टात तोही असतो, सरकारी वकिलाच्या तोंडून का होईना. त्याच्या डोक्याला टाके पडले, तो महिनाभर शेतात गेला नाही, हे खोटं नाही ना? प्रोबेशनच्या कायद्यातच कलम ५ आहे, त्यात जखमीला भरपाई आणि खर्च देण्याचा हुकूम कोर्ट करू शकतं. आपण होऊन म्हणा, इतकी रक्कम भरायला तयार आहोत. दवाखान्याच्या बिलापेक्षा थोडी जास्तच म्हणा. ती कोर्टात भरा, हातात देऊ नका. आणि त्याच्या घरी चार माणसं घेऊन ‘केस मागं घे’ म्हणायला जाऊ नका. कलम ३२४ आता तडजोडीत बसत नाही, तेव्हा त्याची सही आणून काही मिटणार नाही. उलट धमकावलं म्हणून नवा गुन्हा दाखल झाला तर चांगल्या वर्तणुकीचं बोलायलाच तोंड उरणार नाही. त्याला सहज भेटायचं असेल तर तू एकटी जा, पाटावरची म्हातारी काकू आजारी आहे तिला बघायला. खटल्याचा शब्द काढू नकोस.

तुला मी आशा दाखवतेय तर दुसरी बाजूही दाखवते, नाहीतर उद्या म्हणशील ताईनं नादाला लावलं.

सगळ्यांना हे मिळत नाही. लाचलुचपतीच्या गुन्ह्यांना हा कायदा लागूच नाही. ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात अठराच्या वरच्या माणसाला मिळत नाही. गांजा-अफूच्या खटल्यांत फार थोड्या जागी मिळतं. आणि अपघात. आपल्याकडचे दोन्ही हायवे तुला माहीत आहेत. सोलापूर रोडवर यवत-पाटस, नगर रोडवर शिक्रापूर-रांजणगाव. गाळपाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर नाही, रात्री मोटारसायकलवाला खाली. ड्रायव्हरची बायको येते आणि म्हणते, त्यानं मुद्दाम मारलं का? नाही मारलं. पण २००० साली दलबीर सिंगच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हटलंय की बेदरकार गाडी चालवून जीव घेणाऱ्यांना प्रोबेशन देऊ नये. धंदा म्हणून गाडी चालवणाऱ्याला तर दहशत राहिलीच पाहिजे. मला विचारशील तर मला ते बरोबरच वाटतं. ज्याचा पोरगा ट्रॉलीखाली गेला त्याच्या घरून बघ. अशा खटल्यात शिक्षेचे महिने कमी व्हावेत म्हणून भांडता येतं, पण प्रोबेशनची आशा मी कुणाला दाखवत नाही.

मोठी माणसंही यात आपटलीत. संजय दत्तचं तुला आठवत असेल. बॉम्बस्फोटाच्या खटल्यात तो शस्त्र कायद्याखाली दोषी ठरला आणि त्यानं हेच प्रोबेशन मागितलं होतं. ३१ जुलै २००७ ला विशेष कोर्टानं ते नाकारून सहा वर्षं दिली. सुप्रीम कोर्टानं २१ मार्च २०१३ ला पाच केली, पण गुन्हाच इतका गंभीर की प्रोबेशन नाही म्हणाले. येरवड्यातून तो २०१६ च्या फेब्रुवारीत बाहेर आला. त्याच्यापाशी काय चांगुलपणाच्या पत्रांची कमी असेल? कोर्ट आधी गुन्हा बघतं, मग पत्रं. म्हणून तुमच्या अर्जात आधी गुन्ह्याबद्दल लिहा. अचानक झालेलं भांडण, आधीची तयारी नाही, काठी बांधावरचीच होती, वार एकच. हे सगळं डॉक्टरच्या दाखल्यातून आणि साक्षीतून काढून दाखवावं लागतं.

तुझा धाकटा दीर म्हणाला, त्या पुण्याच्या पोर्शेवाल्या पोराला तीनशे शब्दांचा निबंध लिहून सोडलं, आपल्यालाही तसंच मागू. त्याला समजाव. १९ मे २०२४ च्या त्या अपघातात दोघांचे जीव गेले. निबंध ही शिक्षा नव्हती, अल्पवयीन म्हणून बाल न्याय मंडळानं घातलेली जामिनाची अट होती. लोक चिडले आणि मंडळाला थोड्याच दिवसांत तो आदेश बदलावा लागला. त्याचं नाव आपल्या अर्जात घेणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा.

समाजसेवेची शिक्षा मात्र आता खरंच आलीय. नव्या न्याय संहितेत सहा गुन्ह्यांना ती देता येते. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी आणि माल परत केलेला, दारू पिऊन सार्वजनिक जागी धिंगाणा, अब्रुनुकसानी, असे गुन्हे. घोडच्या नाहीतर भीमेच्या पात्रातून वाळू उचलणारे लगेच विचारतात, आम्हाला? ट्रॉलीभर वाळू पाच हजारांत बसवून दाखवा म्हणावं, आणि तिच्यासोबत पर्यावरणाचं कलम असतं तेही बघा. तुमचा गुन्हा २०२१ चा आणि मारामारीचा, तेव्हा तो दरवाजा तुमच्यासाठी नाही. माझं मत विचारशील तर यादी फार तोकडी ठेवलीय. औंध संस्थानानं १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला खुनाच्या कैद्यांना भिंतीशिवाय शेती करायला ठेवलं होतं, आणि आपण अजून पाच हजारांची चोरी मोजत बसलोय. असो.

नोकरीचं तू विचारलंस. इथं लोक फसतात, नीट ऐक. शिक्षा स्थगित होणं वेगळं आणि दोषसिद्धीला स्थगिती मिळणं वेगळं. नागपूरच्या बँक घोटाळ्यात सुनील केदारांना डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षं झाली आणि आमदारकी गेली. पुढच्याच महिन्यात हायकोर्टानं शिक्षा स्थगित करून जामीन दिला, पण दोषसिद्धी तशीच राहिली आणि आमदारकी परत आली नाही. पाव्हण्यांना निवडणूक लढवायची नाही, त्यामुळं आज तुम्हाला शिक्षेची स्थगिती पुरे. प्रोबेशन मिळालं तर कलम १२ प्रमाणे दोषी ठरल्यामुळं येणारी अपात्रता लागत नाही. पण खातं त्याच वागण्यावर कारवाई करू शकतं. सीआरपीएफच्या एका जवानाच्या प्रकरणात १९९० मध्ये सुप्रीम कोर्टानं हे सांगितलंय. दौंडच्या एसआरपीएफच्या क्वार्टरमधून बायका येतात त्यांना मी हेच सांगते, प्रोबेशन म्हणजे नोकरीची हमी नव्हे. आणि कुठल्याही फॉर्मवर खटल्याबद्दल विचारलं तर लपवायचं नाही.

प्रोबेशन मिळालं, बंधपत्र लिहून झालं, की घरात पेढे येतात आणि खरी परीक्षा सुरू होते. अटी मोडल्या तर कोर्ट परत बोलावून मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकतं. पहिल्या चुकीला फार तर पन्नास रुपये दंड करून सोडायचीही सोय आहे, १९५८ सालचे पन्नास रुपये, कुणी बदललेच नाहीत. पण त्या पन्नास रुपयांच्या भरवशावर राहू नका. पुढच्या पावसाळ्यात बांध पुन्हा तोच असणार आणि चुलत दीरही तोच. म्हणून आताच मोजणीचा अर्ज टाका भूमी अभिलेखला. सरकारी मोजणी होऊन दगड रोवले गेले तर भांडायला जागाच राहत नाही. आणि ती मोजणीची पावती अपिलाच्या कागदांत जोड. पुढं भांडण होऊ नये म्हणून या माणसानं स्वतःहून काय केलं, हे त्या पावतीवरून दिसतं. इतकी साधी गोष्ट, पण मला अजून एकाही फाईलीत दिसलेली नाही.

तुमच्या दौंडकडची अपिलं बारामतीला जात आलीत, वकीलसाहेब सांगतील ते नेमकं कुठं लावायचं. वर्ष-दोन वर्षं सहज जातात, तेव्हा दर तारखेला कामावर खाडा करून सगळं घर नेऊ नका. तिथंही नाही म्हणाले तर पाव्हण्यांना हजर व्हावं लागेल आणि मग हायकोर्टात पुनरीक्षण. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूर-साताऱ्याची माणसं कोल्हापूरच्या सर्किट बेंचला जातात, पण पुणे जिल्ह्याला अजून मुंबईच आहे. तोवर आतमध्ये गेले तर आधी काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात, अटकेतले ते चार दिवस लिहून ठेव.

पैशाचं. तू बाई आहेस म्हणून तुला फुकट वकील मिळतो, पण आरोपी पाव्हणे आहेत, त्यांची पात्रता वेगळी बघतात. घरचं उत्पन्न वर्षाला तीन लाखांच्या आत असेल तर तालुका विधी सेवा समितीकडं अर्ज करता येतो, ती तालुक्याच्या कोर्टातच असते. तुरुंगात असलेल्याला तर उत्पन्न न बघता मिळतो. १५१०० ला फोन लावलास तरी सांगतात. मंगळसूत्र गहाण ठेवायची गोष्ट काढलीस परवा, ती पुन्हा काढू नकोस. आणि ‘साहेबांशी बोललोय, एवढे दिले की प्रोबेशन पक्कं’ असं सांगणारा कुणी भेटलाच, तर त्याला एक पैसा देऊ नकोस, मग तो कितीही ओळखीचा असो.

उद्या शुक्रवार. तू सकाळच्या गाडीनं दौंडला जा, निकालाची प्रत आणि जामिनाच्या आदेशाची झेरॉक्स घे, अपिलाची शेवटची तारीख वकीलसाहेबांकडून कागदावर लिहून घे. ठेकेदाराकडं पाव्हण्यांना पाठव, तू जाऊ नकोस, तो तुला टोलवेल. मोजणीचा अर्ज सासऱ्यांच्या सहीनं, कारण सातबारा अजून त्यांच्या नावावर आहे. रविवारी ये सगळं घेऊन, मसुद्याची विनंती मी कच्ची टाईप करून ठेवते. वकीलसाहेबांना आवडली तर ठेवतील, नाहीतर खोडतील, पण समोर असली की त्यांना तिच्यावर बोलावंच लागेल.